वाढीची पट्टी आणि ‘जमलं’ची दोरी: प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते मे २०२५

२२ जून २०२४, शनिवार. सुरुवात

जागा: चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावातली चौथीपर्यंतची शाळा आणि तिच्या आवारातली अंगणवाडी. कामाला माणसं सहा: दोन शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, माता-पालक गटातल्या दोन आक्का आणि मोजमापाच्या आणि सुताराच्या कामाला नाना.

कामं दोन. एक, प्रत्येक मुलाच्या घरी त्याच्या एकट्याची उंचीची पट्टी. दोन, शाळेच्या व्हरांड्यात एक दोरी, आणि त्या दोरीवर आईबापांनी सांगितलेली कार्डं: पोराला रोजच्या जगण्यातलं काय नवीन जमलं. आपल्याकडे पोराचं कौतुक निकालाच्या दिवशी होतं, नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. मधल्या दिवसांत पोर बटण लावायला शिकतं, सुट्टे पैसे नीट मोजून आणायला शिकतं, धाकट्याला झोपवायला शिकतं. आई ते बघते, पण कुठे लिहिलं जात नाही. बाप शेतातून येईपर्यंत पोर झोपलेलं असतं.

आधी व्हरांड्याच्या भिंतीवर एकच मोठी उंचीपट्टी रंगवून तिच्यावर सगळ्यांची नावं लिहायचा विचार होता. तो सोडला. एका रेघेवर सगळ्या वर्गाची नावं आली की बोट आधी सगळ्यांत खालच्या नावाकडे जातं, आणि त्या पोराच्या आईला वाटतं, आपण खायला घालण्यात कमी पडलो. तुलना हवी ती पोराची त्याच्याच जूनमधल्या खुणेशी. म्हणून पट्टी ज्याची त्याला, आणि ती घरी.

२५ जून, मंगळवार. पट्ट्या कापणं

जुने फ्लेक्स घेतले. आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स म्हणजे २४४ बाय १२२ सेंमी. लांबीतून १६० सेंमी घ्यायचे आणि रुंदीचे दहा-दहा सेंमीचे भाग पाडायचे. एका फ्लेक्समधून १२ पट्ट्या निघतात. उरलेला ८४ सेंमीचा तुकडा टाकायचा नाही, दोरीवर पावसाची झड येते तिथे आडोसा करायला तो लागणार आहे. फ्लेक्सची पाठ पांढरी आहे का ते आधी बघायचं. काळ्या पाठीच्या फ्लेक्सवर मार्कर दिसत नाही.

सुतळी आणि नाडी दोन्ही तपासून बाद केल्या. दमट हवेत त्यांची लांबी बदलते आणि ताणाल तशी वाढते. शिंप्याचा प्लास्टिकचा टेप जुना झाला की ताणला जातो, शिवाय तो १५० सेंमीलाच संपतो. खुणा नानांच्या पोलादी टेपने केल्या. पोलादी टेपच्या टोकाचा हूक किंचित मागेपुढे हलतो. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून माप बरोबर यावं म्हणून तो मुद्दामच तसा असतो. पण सपाट पट्टीवर खुणा करताना तोच घोळ घालतो. नानांची रीत चांगली आहे: शून्य सोडायचं, टेपवरची १० ची रेघ पट्टीच्या टोकाला धरायची आणि प्रत्येक आकड्यातून १० वजा करायचे. हे वजा करणं एका पट्टीवर विसरलं गेलं. ती पट्टी लगेच फाडून टाकली, नाहीतर कुणाच्या तरी घरी ती गेलीच असती.

दर सेंटिमीटरला बारीक रेघ, पाचाला लांब, दहाला आकडा. मार्कर काळाच, लाल उन्हात लवकर विटतो. खुणांवरून पारदर्शक चिकटपट्टी ओढायची, कारण खोबरेल तेलाचा हात लागला की मार्कर पुसला जातो. वरच्या टोकाला दुमड घालून बांबूची कामटी, खालच्या दोन कोपऱ्यांना दोन चुका, म्हणजे बारीक खिळे. गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स खालून वर वळतो, चुका नसल्या तर पट्टी जमिनीपासून बोटभर उचलली जाते.

घरी लावताना एक अडचण हमखास येणार. बऱ्याच घरांत अजून सारवलेली जमीन आहे. दर सारवणाला थर चढतो, तोही सारखा नसतो. उपाय: पट्टीच्या पायथ्याशी फरशीचा फूटभर तुकडा पक्का बसवायचा आणि पट्टीचं शून्य त्या फरशीला टेकवायचं. फरशीवरून सारवायचं नाही, एवढं आक्कांनी घरोघर सांगायचं.

२९ जून, शनिवार. पहिलं मोजमाप

शनिवारची सकाळची शाळा, वेळ आठ. ही वेळ पुढे बदलायची नाही. दिवसभर उभं राहून, पळून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आणि तेच पोर संध्याकाळी अर्धा ते एक सेंटिमीटर कमी भरू शकतं. एकदा सकाळी आणि पुढच्या वेळी संध्याकाळी मोजलं, तर तीन महिन्यांची वाढ त्यातच गडप होते.

मोजायची रीत:

चपला काढायच्या. वेणी, अंबाडा, डोक्यावरचे चाप सोडायचे; मुलींच्या मापात सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. टाचा जुळवून भिंतीला, मग कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू. सगळंच टेकत नसेल तर ओढूनताणून टेकवायचं नाही, टाचा आणि कुल्ले टेकले तरी चालतं. नजर सरळ समोर. ‘ताठ हो’ म्हटलं की पोर हनुवटी वर करतं आणि उंची कमी येते. म्हणून ‘समोरच्या खिडकीकडे बघ’ म्हणायचं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं की डोकं बरोबर आहे. एकाने खाली बसून टाचा धरायच्या, दुसऱ्याने वरून सुताराचा गुण्या लावायचा: एक बाजू भिंतीला सपाट, दुसरी डोक्याला केस दाबून. पाटी किंवा पुस्तक लावायचं नाही, ते कलतं आणि सहज सेंटिमीटरभर फरक पडतो. वाचणाऱ्याचा डोळा खुणेच्या पातळीत हवा, उंच माणसाने गुडघे वाकवायचे. दोनदा मोजायचं. दोन मापांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

व्हरांड्यातली जी भिंत निवडली होती तिच्या पायाला फरशीची पट्टी निघाली. ती भिंतीच्या बाहेर येते, त्यामुळे टाच भिंतीला लागत नाही आणि पोर मागे कलतं. दाराच्या बाजूची, तळापासून सपाट भिंत घेतली. ओळंबा सोडून पट्टी सरळ बसवली.

शाळेतलं माप वहीत. घरच्या पट्टीवर खूण मात्र आईने किंवा बापाने स्वतःच्या हाताने करायची. वहीतला आकडा चिठ्ठीवर जातो, पट्टीवर तो शोधून रेघ ते ओढतात. रेघेशेजारी तारीख. ही रेघ शिक्षकांनी ओढली तर पट्टी शाळेची होते, घरची राहत नाही. आमच्या लेखी सगळ्या प्रकल्पाचा जीव त्या एका रेघेत आहे.

दोन वर्षांखालची मुलं पट्टीवर नाहीत. त्यांची लांबी आडवं झोपवून मोजतात, ते काम अंगणवाडीच्या ताईंकडे. वजनही ताईंकडेच आणि ते अंगणवाडीच्या कार्डातच राहील. वजन दोरीवर टांगायचं नाही, मोठ्याने सांगायचं नाही.

१३ जुलै, शनिवार. कार्डं

मोठा कार्डशीट ५६ बाय ७१ सेंमीचा. १४ बाय १० ची कार्डं कापली तर एका शीटमधून २८ निघतात. रंग फिका घ्यायचा. गडद निळ्या शीटवर पेन दिसत नाही. दोरी नायलॉनची, कापडाच्या चिमट्यांनी कार्डं लावायची. दोरीची उंची मुलांच्या डोळ्यांपाशी, साधारण ११० सेंमी. मोठ्यांना वाकून वाचावं लागतं, ते चालेल.

कार्डावर तीन ओळी आणि तारीख:
काय जमलं? आधी काय व्हायचं? कुणी पाहिलं?

पहिली खेप आली ती बहुतेक सारखीच: ‘हुशार आहे’, ‘अभ्यासात चांगला आहे’, ‘सांगितलेलं ऐकतो’. हे कुणाच्याही पोराबद्दल लिहिता येतं. चूक पालकांची नव्हती. ‘तुमच्या मुलाबद्दल अभिमान वाटावं असं काही सांगा’ असं विचारलं की माणूस मोठं काहीतरी शोधत बसतो, आणि सापडलं नाही की हुशार म्हणून मोकळा होतो. प्रश्न बदलले:

‘मागच्या पोळ्याला जमत नव्हतं आणि आता जमतं, असं काय?’
‘काल दिवे लागल्यावर पोर काय करत होतं?’
‘कोणतं काम तुम्ही आता बिनघोर तिच्यावर सोडता?’

तिसरा प्रश्न सगळ्यांत चांगला चालला. आई लगेच बोलते, कारण ती रोज तो हिशेब मनात करतच असते. कार्डं अशी येऊ लागली: ‘शेळीला पाणी पाजून दावं पुन्हा बांधतो. आधी गाठ सुटायची, शेळी पळायची. आजोबांनी पाहिलं.’ ‘५० ची नोट घेऊन ३२ चं सामान आणते, १८ परत आणते. आधी दुकानदार देईल ते मुठीत धरून यायची.’ ‘रात्री परसात एकटा जातो. आधी मला उठवायचा.’

‘आधी काय व्हायचं’ ही ओळ कधी रिकामी सोडायची नाही. तिच्यामुळेच कार्ड त्या पोराचं होतं. लिहिता न येणाऱ्या पालकांनी सांगायचं, चौथीच्या मुलांनी लिहायचं. मात्र दुसऱ्याच्या पोराचं, स्वतःच्या भावंडाचं नाही.

पाच वर्षांच्या एका मुलाचं बटणाचं कार्ड सगळ्यांत जास्त वेळा वाचलं गेलं. बटण म्हणजे मोठ्यांना काहीच नाही, पण ते किती कामांचं मिळून होतं ते पालकांना दाखवलं. डाव्या चिमटीत काजाची कड धरायची. उजव्या हाताने बटणाची कड उभी करून काजात ढकलायची. अर्धं बटण पलीकडे निघालं की डाव्या हाताने काज सोडून तेच बटण पकडायचं. मग ओढायचं. अडतं ते तिसऱ्या पायरीला, हाताची पकड बदलताना. पोर काज सोडत नाही आणि बटण परत मागे येतं. शिकवताना शेवटून सुरू करायचं: पहिल्या तीन पायऱ्या आईने करायच्या, शेवटची ओढ पोराची. ती जमली की शेवटच्या दोन त्याच्या. दर वेळी काम पुरं होतं ते पोराच्या हातून. सुरुवात सगळ्यांत खालच्या बटणाने करावी, ते पोराला दिसतं. गळ्याजवळचं दिसत नाही. नवीन सदऱ्याचे काज घट्ट असतात, जुना सदरा घ्यावा. गणवेशाच्या चार बटणांपैकी तीन स्वतः लावली, एवढं लिहिलेलं कार्ड दोरीवर आहे. चौथं गळ्याचं आहे, ते अजून व्हायचं आहे, तेही कार्डावर लिहिलंय.

२७ जुलै, शनिवार. दर महिन्याला मोजणं बंद

महिन्याने पुन्हा मोजलं आणि घोटाळा झाला. काही मुलं जागची हलली नाहीत, दोघं ‘कमी’ झाली. एका आईने विचारलं, पोर उतरणीला लागलं का?

चूक आमच्या आखणीची. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा. आपल्या मोजण्यातली चूकही अर्ध्याच्या आसपास. दोन्ही सारख्याच असल्या की वाढ दिसतच नाही. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या घरात. आयांच्या मनात ती झपाट्याची वाढ असते, म्हणून सहा-सात वर्षांचं पोर थांबल्यासारखं वाटतं.

आता तीन महिन्यांनी: सप्टेंबरअखेर, डिसेंबरअखेर, मार्चअखेर. जुलैची खूण पट्टीवरून पुसली. आईला वहीतली दोन्ही मापं दाखवून सांगितलं: पोर बरोबर आहे, मोजणारे घाईत होते.

१० ऑगस्ट, शनिवार. नजर

उद्या कानबाईचा सण, गावात धांदल. तरी हा मुद्दा आजच लिहून ठेवायला हवा.

बऱ्याच घरांतून कार्ड येत नाही. पोराचं काही जमत नाही असं नाही. ‘चारचौघांत सांगितलं की नजर लागते.’ एका आजीने दोरीवरचं नातवाचं कार्ड काढून पदरात घेतलं आणि घरी जाऊन मीठ-मिरची ओवाळून टाकली. माता-पालक गटाच्या बैठकीत एका शिक्षकांनी अंधश्रद्धेवर बोलायला सुरुवात केली, आणि पुढच्या आठवड्यात बैठकीला निम्म्याच आल्या.

आक्कांनी तोडगा काढला. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात बोटाएवढं वर्तुळ छापायचं आणि आईने तिथे स्वतःच्या बोटाने काजळाची तीट लावायची, बाळाच्या गालाला लावते तशी. काजळाची डबी दोरीच्या खुंटीपाशी ठेवली. त्या दिवसापासून अडलेली कार्डं येऊ लागली. काजळ कार्डावरून पसरतं, म्हणून तीट लावून अर्धा तास तसंच ठेवून मगच चिमटा लावायचा.

हा मार्ग आम्हाला पटलेला आहे. पोराचं भलं व्हावं हीच माया कौतुकात असते आणि तीच तिटीत. दोन्हींना एका कार्डावर जागा झाली. ज्या घराला कार्ड टांगायचंच नाही, त्यांचं कार्ड घरी, पट्टीच्या शेजारी. तिथे कुणी आग्रह धरायचा नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार. शब्द कोणते

परवा पोळा. शिंगांना रंग देणं, झुली शोधणं यात पोरं घरोघर गुंतलेली. बापांकडून कार्ड घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत, बाप आणि पोर एकाच कामात असतात. ‘शिंगाला हिंगूळ लावताना डोळ्यात जाऊ दिला नाही, बैलाशी बोलत राहिला’ हे एका बापाने सांगितलेलं कार्ड जसंच्या तसं ठेवलं.

बैठकीत कौतुकाच्या शब्दांवर बोललो. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकेतल्या संशोधकांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी देऊन मुलांना अपयश येऊ दिलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. कारण समजायला सोपं आहे. हुशारी हा आपला गुण ठरला की चूक म्हणजे तो गुण गेला. मग पोर चूक होईल असं काम हातातच घेत नाही.

पालकांसाठी यातून एकच सवय ठरवली: जे दिसलं ते बोला. ‘शाबास’ म्हणा, खुशाल म्हणा, पण त्याला पुढचं वाक्य जोडा. ‘शाबास, तीनदा गाठ सुटली तरी पुन्हा बांधलीस.’ नुसतं शाबास दिवसातून दहा वेळा म्हटलं की पोराच्या कानांवरून जातं. दुसरं, कौतुकाला शेपूट लावायचं नाही. ‘छान केलंस, पण अक्षर सुधार’ यातलं ‘पण’च्या पुढचंच पोराला ऐकू येतं. अक्षराचं सांगायचंय तर उद्या सांगावं. तिसरं, ‘बघ तुझ्या चुलतभावाला येतं’ हे वाक्य घरात बंद. हे तिसरं सगळ्यांत अवघड गेलं. एकत्र कुटुंबात चुलतभाऊ समोरच बसलेला असतो.

लाजऱ्या बापांसाठी जास्त काही नको. कार्ड दोरीवरून वाचून बापाने घरी पोराला एवढंच म्हणावं: ‘वाचलं मी तुझं.’

२८ सप्टेंबर, शनिवार. दुसरं मोजमाप

आठ ते साडेनऊमध्ये पुरं. तीन महिन्यांची वाढ एक ते दीड सेंमीच्या आसपास, म्हणजे पट्टीवर बोटाच्या जाडीएवढी, डोळ्यांना दिसते. घरी जून आणि सप्टेंबर अशा दोन रेघा झाल्या की पोर त्यांच्या मधल्या जागेत बोट घालून बघतं. ती जागा दिसणं, एवढ्यासाठीच पट्टी.

दोन घरांत पट्टी उन्हाच्या भिंतीवर होती, आकडे फिके पडले. आत लावल्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार. कापसाचं कार्ड

वेचणी सुरू. आज एक कार्ड आलं: ‘आंडेरने (मुलीने) दिवसभरात मोठ्या बायांबरोबरीने कापूस वेचला.’ मुलगी चौथीत. वहीत बघितलं, त्या आठवड्यात ती तीन दिवस शाळेत नव्हती.

हे कार्ड दोरीवर लावलं नाही. बापाला बोलावून न घेता आक्का आणि बाई त्यांच्या घरी गेल्या, संध्याकाळी, चहाच्या वेळी. आधी कार्डातलं खरं ते मान्य केलं: पोरगी चिवट आहे, हात चालतो, बोंडातून कापूस काडीकचरा न लावता काढते. मग सांगितलं की दोरीवर हे लागलं तर उद्या दहा पोरं शाळा सोडून वेचणीला जातील, कारण दोरीवरचं पोरं खरं मानतात. कायदाही सांगितला. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला. आता चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावता येत नाही. घरच्या शेतात मदत चालते, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. बापाने मागून घेतलेलं दुसरं कार्ड असं झालं: ‘काट्यावर कापसाचं वजन तिने वाचलं, व्यापाऱ्याने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. आधी काटा वाचता यायचा नाही.’ सोमवारी मुलगी वर्गात होती.

यातून दुसरंही लक्षात आलं. दोरीवरची मुलींची कार्डं चाळली तर भाकरी, भांडी, धाकट्याला सांभाळणं यांचीच भरती. मुलांची सायकल, बैल, दुकान, मोबाइल. भाकरी थापता येणं कमी नाही. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ नुसत्या ज्वारीसारखं सरळ थापलं जात नाही, पाण्याचा हात नेमका लागतो, आणि दहा वर्षांच्या पोरीची भाकर फुगली तर आईने ते सांगायलाच हवं. पण फक्त तेवढंच दिसत असेल तर बघणाऱ्याची नजर अपुरी आहे. पुढच्या महिन्यासाठी बैठकीत ठरलं: प्रत्येक घराने मुलीचं घराबाहेरच्या कामाचं एक आणि मुलाचं चुलीजवळचं एक कार्ड द्यायचं. मुलांची चुलीजवळची कार्डं यायला वेळ लागेल, तोवर जागा रिकामी ठेवायची.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान, शाळेत केंद्र होतं. त्यासाठी दोरी आणि सगळी कार्डं उतरवावी लागली. चिमट्यांसकट एका दोऱ्यात ओवून ठेवल्यामुळे क्रम बिघडला नाही. पुढेही असंच. निवडणुकीनंतर फ्लेक्स मिळतील, पांढऱ्या पाठीचे तेवढे मागून ठेवायचे.

३० नोव्हेंबर, शनिवार. बाहेरगावी गेलेले आईबाप

काही घरं ऊसतोडीला गेली, काहींचे बाप सुरतेला कामाला आहेत. पोरं आजी-आजोबांकडे. पट्टी घरी आहे, रेघ ओढणारे नाहीत.

मोबाइलवर आवाजाचा निरोप पाठवायचा, २० ते ३० सेकंदांचा. लांब निरोप पालात किंवा कारखान्याच्या आवाजात पुरा ऐकला जात नाही. बोलायचं पोराने, शिक्षकांनी नाही. क्रम: काय जमलं, आधी काय व्हायचं, तुम्ही आल्यावर काय करून दाखवणार. वाचून बोलायला लावलं की आवाज शाळेचा होतो. कागद काढून घ्यायचा. वेळ रात्री साडेआठच्या पुढे, तोवर आईबाप फडातून येतात. उत्तर आलं तर तेच पोराला दोनदा ऐकू द्यायचं. आणि उत्तरात आईबाप नुसतं ‘अभ्यास कर’ म्हणत असतील तर आजीकडून त्यांना निरोप जातो: पोराने गाठीचं सांगितलं होतं, गाठीचं बोला.

फोटो आणि निरोप गावाच्या मोठ्या गटावर टाकायचे नाहीत. पोराचा आवाज फक्त त्याच्या आईबापांना. एकदा टाकलेला फोटो परत घेता येत नाही, आणि पोराला त्यातलं काय आवडलं नाही ते विचारायचं राहूनच जातं.

डिसेंबरच्या रेघा आजी-आजोबांच्या हातच्या असतील. रेघेशेजारी तारखेबरोबर ‘आजीने’ असं लिहायचं.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. उशिरा येणारी कार्डं

दोरीवर काही मुलांची आठ-आठ कार्डं झाली, तिघांची एकही नाही. कार्डं मोजायची नाहीत असं ठरलं होतं, पण पोरं मोजतातच. आता दोरीवर प्रत्येक मुलाचं फक्त शेवटचं कार्ड, आधीची त्याच्या पाकिटात. सगळ्यांची दोरीवर एकेकच.

तिघांपैकी एकाला वाचनात अडचण आहे. त्याच्या आईला वाटतं सांगण्यासारखं काही नाही. तिच्यासोबत बाई तीन दिवस वर्गात बसल्या आणि फक्त बघितलं. बसथांब्यावर एसटीच्या पाटीवर ‘धरणगावमार्गे अमळनेर’ असतं. ते तो डिसेंबरपर्यंत ‘धरणगाव मागे अमळनेर’ वाचायचा. रफार त्याला दिसायचा पण कुठल्या अक्षरावर घ्यायचा ते कळत नव्हतं. रफार डोक्यावर लिहितात ज्या अक्षराच्या, उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो, आणि इथेच पोरं अडकतात. सूर्य, गर्दी, मार्ग, वर्ग असे शब्द ‘मार्‌-ग’, ‘वर्‌-ग’ करत टाळीवर म्हणायचे, मग लिहायचे. या आठवड्यात त्याने आईला पाटी वाचून दाखवली, ‘मार्गे’ म्हणून. बस निघून गेली तरी आई तिथेच उभी होती, असं कार्डाच्या तिसऱ्या ओळीत आजीने लिहून घेतलं आहे.

अमळनेरचंच नाव निघालं म्हणून: तिथे शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. रोजचं, हातचं, त्याच मुलांबद्दलचं. आमची दोरी त्याच वाटेवरची आहे.

अंगणवाडीत एक बाळ १५ महिन्यांचं, अजून आधाराशिवाय चालत नाही, आणि घरचे त्याबद्दल बोलत नाहीत. ताईंनी सांगितलं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या पाहणीनुसार निरोगी मुलं एकट्याने चालू लागतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. एवढी मोठी खिडकी आहे, शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाशी ताडू नका. अठरा महिने झाले आणि पावलं टाकली नाहीत, तर बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवायचंच. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण त्याची वाट बघत बसायचं नाही. धीर आणि तपासणी, दोन्ही एकाच बैठकीत सांगितलं की आई घाबरत नाही. त्या बाळाचं कार्ड: ‘खाट धरून चार पावलं.’

२२ मार्च, शनिवार. चौथं मोजमाप

ऊन वाढलं, शाळा सकाळची. दुपारी पत्र्याखाली चिकटपट्टीचा डिंक वितळून दोन पट्ट्यांवरचे आकडे सरकले. ती चिकटपट्टी काढून खुणा खिळ्याने हलक्या कोरल्या आणि कोरीवात मार्कर भरला. हेच पहिल्यापासून करायला हवं होतं.

मुलांच्या चुलीजवळच्या कार्डांची जागा भरू लागली. ‘चहा गाळला, सांडला नाही, आईला आधी दिला.’

३ मे, शनिवार. आखाजीनंतर

बुधवारी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली. लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, आणि घराघरांतल्या पट्ट्या पाहुण्यांना दाखवल्या गेल्या. चौथीची मुलं आता दुसऱ्या शाळेत जातील. त्यांची पाकिटं कार्डांसकट आईबापांच्या हातात दिली. पट्टी घरीच आहे, १६० सेंमीपर्यंत पुरेल.

माहेरवाशिणींनी आपल्या मुलांसाठी पट्ट्या मागितल्या. त्यांतली तीन बाळं दोन वर्षांखालची. त्यांना पट्टी दिली, पण आजच उभं करून रेघ ओढू दिली नाही. आडवं मोजलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त येतं. आज आडव्याची खूण केली आणि दोन वर्षांचं झाल्यावर उभं मोजलं, तर वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसेल. पट्टीच्या मागे बाळाचा दुसरा वाढदिवस लिहून दिला. पहिली रेघ त्या दिवशी.

मागणी एकूण १२ पट्ट्यांची, म्हणजे आठ बाय चारचा एक फ्लेक्स. नानांकडे पांढऱ्या पाठीचा एक शिल्लक आहे. १५ जूनच्या आत कापून, कोरून ठेवायचा. टेपची १० ची रेघ, आणि १० वजा.